डबा स्वस्त, थंडावा महाग

दसऱ्याच्या सकाळी ज्या झेंडूसाठी गिऱ्हाईक फारशी घासाघीस न करता पैसे मोजते, त्याच झेंडूचे ढीग संध्याकाळी रस्त्याच्या कडेला सोडून विक्रेते घराकडे निघतात. हे दृश्य राज्यातील कोणत्याही शहराला नवे नाही. मात्र माहूरसारख्या तीर्थक्षेत्री त्यामागचे अर्थकारण अधिक ठळकपणे जाणवते, कारण येथील बाजार वर्षभर एका गतीने चालतच नाही. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ असलेली रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयामातेचे शिखर यांच्या दर्शनासाठी नवरात्रात, दत्तजयंतीला आणि श्रावणी पौर्णिमेच्या परिक्रमेला लोटणारी गर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते. या अल्पकाळात फुले, नागवेलीची पाने, दूध, खवा, भाजीपाला या साऱ्यांची मागणी एकाएकी वाढते आणि तितक्याच वेगाने खाली येते. त्यातच माहूर-किनवटच्या डोंगरांतील सीताफळांचा हंगामही नेमका याच सुमारास असतो. माल आहे तेव्हा भाव नाही आणि भाव आहे तेव्हा माल नाही, ही नाशवंत मालाची जुनी व्यथा येथे दरवर्षी नव्याने अनुभवास येते.

या व्यथेवर एक उपाय वरवर पाहता फार सोपा वाटतो. समुद्रमार्गे फळे, मासळी, मांस नेणारे वातानुकूलित कंटेनर, ज्यांना व्यवहारात ‘रीफर’ म्हणतात, ते काही वर्षांच्या वापरानंतर जहाज कंपन्या विकून टाकतात. न्हावा-शेवा बंदराच्या परिसरातील कंटेनर डेपोंमध्ये असे डबे विक्रीस असतात. एखादा विकत घ्यावा, ट्रेलरवर घालून गावी आणावा, वीज जोडावी आणि शीतगृह तयार! बांधकाम नाही, ठेकेदार नाही, वर्षभराची प्रतीक्षा नाही. नांदेड, पुणे किंवा मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि गावाकडे जमीन असलेल्या अनेकांच्या मनात हा विचार कधी ना कधी येऊन जातो. विचार चुकीचा नाही, पण अपुरा आहे. डबा विकत घेणे हा या व्यवहारातील सर्वांत सोपा भाग असून खरा प्रश्न डब्यात काय ठेवायचे आणि त्याला वीज कोठून द्यायची, हा आहे.

डबा आहे तरी काय?

रीफर कंटेनर म्हणजे बाहेरून पोलादाचा, आतून चकचकीत पत्र्याचा आणि या दोहोंमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेला हवाबंद पेटारा. त्याच्या एका टोकाला शीतयंत्र कायमचे बसविलेले असते आणि दुसऱ्या टोकाला दोन पाखांचे दार असते. वीस आणि चाळीस फूट अशा दोन लांबींत तो मिळतो. प्रत्यक्ष बाजारात चाळीस फुटी, ‘हाय क्यूब’ म्हणजे जादा उंचीचा प्रकारच अधिक आढळतो. त्याच्या आत सुमारे ६७ घनमीटर जागा असते आणि रिकाम्या डब्याचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. वीस फुटी डब्यात साधारण २८ घनमीटर जागा असते. उणे २५ ते अधिक २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थोड्या अधिक टप्प्यातील कोणतेही तापमान त्यात राखता येते. कॅरियर, थर्मो किंग, डायकिन आणि स्टार कूल या कंपन्यांची यंत्रे त्यावर प्रामुख्याने दिसतात.

या डब्याची एक खुबी जमिनीत आहे. घरच्या फ्रिजमध्ये थंड हवा वरून खाली येते, रीफरमध्ये ती खालून वर जाते. त्यासाठी तळाशी इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. यंत्राने फेकलेली थंड हवा या पट्ट्यांमधील नाल्यांतून दारापर्यंत जाते, मालाच्या थप्पीतून वर चढते आणि छताखालून परत यंत्राकडे येते. भिंतीवर एक लाल रेघ असते, तिच्या वर माल रचायचा नसतो. अनेक ठिकाणी डबा आणल्यावर सर्वप्रथम या पट्ट्यांवर प्लायवूड ठोकले जाते, कारण त्यांवरून चालताना पाय अडखळतो. त्या क्षणी यंत्राचा श्वासच कोंडला जातो. एका कोपऱ्यात माल गोठतो, दुसऱ्या कोपऱ्यात सडतो आणि दोष मात्र जुन्या यंत्राला दिला जातो.

नाशिकच्या द्राक्षांचा धडा

रीफरविषयी सर्वाधिक गैरसमज एकाच मुद्द्यावर आहे. हे यंत्र माल थंड करण्यासाठी नसते. आधीच थंड केलेला माल थंड ठेवण्यासाठी असते. महाराष्ट्राला हा धडा द्राक्षांनी शिकविला आहे. १९९१ मध्ये राज्य कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने ‘महाग्रेप्स’ ही द्राक्ष बागायतदार सहकारी संस्थांची भागीदारी उभी राहिली. युरोपच्या बाजारात द्राक्षे पाठवायची, तर काढणीनंतर काही तासांतच त्यांतील उष्णता काढून घ्यावी लागते, हे सूत्र तेव्हापासून येथे रुजले. आजही निर्यातीची द्राक्षे सकाळच्या थंड वेळी खुडतात, पॅकहाऊसमध्ये प्रतवारी होते, मग प्रीकूलिंगच्या खोलीत जोरदार थंड हवेच्या झोतात ती शून्य-दोन अंशांपर्यंत आणली जातात आणि त्यानंतरच कंटेनरमध्ये भरली जातात. म्हणजे ज्या डब्याकडे आपण शीतगृह म्हणून पाहतो, त्याला नाशिकमध्ये या साखळीतील शेवटून दुसरी कडी मानले जाते.

माहूरच्या संदर्भात याचा अर्थ काय, हे साध्या हिशेबाने समजते. समजा, दहा टन फळे दुपारी ३५ अंश तापमानाला डब्यात भरली आणि ती १३ अंशांवर आणायची आहेत. त्यासाठी सुमारे सव्वादोनशे युनिटइतकी उष्णता बाहेर काढावी लागेल. यंत्राने तासाला आठ युनिट उष्णता उपसली, तरी त्याला अठ्ठावीस तास लागतील. त्यात फळांच्या श्वसनाची उष्णता, भिंतींतून झिरपणारे ऊन आणि वारंवार उघडणारे दार यांची भर घातली, तर ही मुदत सहज दोन-तीन दिवसांवर जाते. आणि सीताफळ झाडावरून उतरविल्यानंतर तीन-चार दिवसांत पिकून मऊ होते! औषध पोहोचेपर्यंत रुग्णाची वेळ संपते, असा हा प्रकार आहे.

सीताफळाची अडचण येथेच थांबत नाही. हे फळ मुळात थंडीला भिते. बारा-तेरा अंशांखाली ते फार काळ ठेवले, तर साल काळी पडते आणि बाहेर काढल्यावर गर नीट पिकत नाही. केळ्याचेही तेच आहे. अर्धापूरच्या केळ्यांमुळे नांदेड जिल्ह्याला ही बाब चांगली ठाऊक आहे. तेरा अंशांखाली केळे गेले की सालीवर करडी झाक येते. याउलट झेंडू चार-पाच अंशांत टवटवीत राहतो, दुधालाही चार अंश हवेत, मेथी-कोथिंबिरीला त्याहूनही कमी. नवरात्रात माहूरला झेंडू आणि सीताफळ एकाच वेळी साठवायचे म्हटले, तर डब्याला दोन तापमाने हवीत. त्याला एकच ठाऊक असते. शिवाय पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्या वायूने फुले लवकर माना टाकतात आणि पालेभाज्या पिवळ्या पडतात. खवा तर शेजारच्या वस्तूचा वास असा काही शोषून घेतो, की त्याचा पेढा कोणी तोंडात घालू नये.

म्हणून ‘काय ठेवणार?’ या प्रश्नाचे उत्तर ‘सगळेच’ असे असेल, तर डबा घेऊ नये, हेच उत्तम. उत्तर ‘फक्त फुले’ किंवा ‘फक्त दूध-खवा’ असे असेल, तर विचार करण्यासारखा आहे. सीताफळाच्या बाबतीत मात्र वेगळी वाट आहे. फळ साठविण्याऐवजी त्याचा गर काढून, झटपट गोठवून तो उणे अठरा ते उणे वीस अंशांत ठेवता येतो. असा गर महिनोन् महिने टिकतो आणि आइस्क्रीम, रबडी, बासुंदी बनविणाऱ्यांकडून त्याला बिगरहंगामातही मागणी असते. गोठलेला माल आत रचून तो तसाच राखणे, हे तर रीफरचे जन्मजात काम. अर्थात गर काढण्यासाठी स्वच्छ जागा, यंत्र, गोठविण्याची वेगळी सोय आणि अन्नसुरक्षा कायद्यानुसार परवाना हे सारे आधी उभे करावे लागते. तेव्हा डबा हा त्या उद्योगाचा शेवटचा तुकडा ठरतो, पहिला नव्हे.

तीन तारांचा प्रश्न

आता विजेकडे वळू. रीफरला थ्री-फेज वीज लागते. पन्नास हर्ट्झच्या विजेवर साधारण ३६० ते ४६० व्होल्ट या टप्प्यात तो चालतो. आपल्याकडील ४१५ व्होल्टचा पुरवठा या टप्प्यात अगदी सुखाने बसतो, पण तो कागदावर. गावाच्या टोकाला, लांबलचक वाहिनीच्या अखेरीस, सायंकाळी सर्वांचे दिवे-पंखे-पंप सुरू असताना दाब किती उरतो, हे प्रत्यक्ष मोजल्याखेरीज सांगता येत नाही. दाब घसरला की यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी बंद पडते. तीनपैकी एक फेज गेली तरी तेच. म्हणून डब्याची चौकशी करण्यापूर्वी निदान आठवडाभर, दिवसातून तीन-चार वेळा, नियोजित जागी तिन्ही फेजचा दाब मोजून वहीत लिहून ठेवावा. खर्च शून्य, पण या वहीइतका मोलाचा कागद या व्यवहारात दुसरा नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे जोडणी कोणत्या फीडरवरून आहे. शेतीपंपांच्या फीडरवर थ्री-फेज वीज दिवसातून ठरावीक तासच मिळते, कधी दिवसा आठ तास, कधी रात्रपाळीने. २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ पासून दुसऱ्या टप्प्यात गेलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या फीडरना दिवसा वीज देण्यासाठी आहे. पंपधारक शेतकऱ्याला ती वरदान ठरावी, कारण रात्री-अपरात्री मोटर सुरू करण्यासाठी विंचू-सापाच्या वाटेने जाणे टळते. शीतगृहाला मात्र दिवसाची वीज अर्धवटच उपयोगाची. फळे रात्रीही श्वास घेतात. तेव्हा डबा शेतात नव्हे, तर गावठाण किंवा औद्योगिक फीडर जेथे पोहोचतो तेथे ठेवावा लागतो. बांधावर शीतगृह हे स्वप्न पाहणाऱ्यांचा येथे हमखास विरस होतो.

पैशांचा अंदाज घेऊ. यंत्र सुरू होताना जास्त वीज ओढते, पण दिवसभराची सरासरी तासाला पाच युनिट धरली तर दिवसाला १२० आणि महिन्याला ३,६०० युनिट होतात. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला दहा रुपये धरले, तर महिन्याचे बिल ३६ हजार. कृषिमालाच्या प्रीकूलिंग व शीतगृहांना महावितरणच्या दरपत्रकात ‘कृषी - इतर’ अशी स्वतंत्र वर्गवारी आहे. जोडणी घेताना ती मागून घ्यावी, अन्यथा व्यापारी दराने आकारणी होते आणि पुढे बदलून घेताना हेलपाटे पडतात.

आता समजा, रोज सहा तास वीज नाही आणि तेवढा वेळ जनरेटर चालवायचा आहे. तासाला अडीच लिटर डिझेल, लिटरला नव्वद रुपये, म्हणजे दिवसाला १,३५० रुपये. महिन्याला चाळीस हजारांवर. उरलेल्या अठरा तासांच्या विजेला मात्र महिन्याला २७ हजारच लागतात. सहा तासांचे डिझेल अठरा तासांच्या विजेहून महाग! डब्याच्या किमतीवर दहा हजारांची सूट मिळविण्यासाठी दोन दिवस भांडणारा खरेदीदार हा हिशेब अनेकदा करतच नाही.

उन्हाचा हिशेबही त्यातच धरावा. एप्रिल-मेमध्ये नांदेड जिल्ह्यात पारा ४२-४३ अंशांपलीकडे जातो. बंदरावरच्या दमट हवेपेक्षा येथील कोरडे ऊन छतावर अधिक निष्ठुरपणे पडते. डब्यावर दोन-तीन फुटांचे अंतर ठेवून पत्र्याची शेड उभारली तर विजेची बचत होते, पण यंत्राच्या तोंडापुढची जागा मोकळी हवी. तेथे भिंत आली की बाहेर फेकलेली गरम हवाच यंत्र पुन्हा आत ओढते. कापसाच्या हंगामात उडणारे तंतू आणि रस्त्याची धूळ कंडेन्सरच्या जाळीत अडकतात. ती जाळी पंधरवड्याला धुण्याचे काम कोणाकडे, हे आधीच ठरलेले बरे.

खरेदीच्या वेळी

जहाज कंपन्या साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या वापरानंतर रीफर निवृत्त करतात. या काळात फोम हळूहळू आपली ताकद गमावतो आणि पत्र्याला भोक पडले असेल तर ओलावा धरतो. ओला फोम म्हणजे भिजलेली गोधडी; वजन वाढते, ऊब मात्र राहत नाही. बाहेरचा रंग नवा असला म्हणून भुलून जाऊ नये. दाराशेजारच्या धातूच्या पाटीवर निर्मितीचा महिना व वर्ष कोरलेले असते आणि यंत्रावर वेगळी पाटी असते. दोन्ही वर्षे जुळतात का, ते पाहावे. दारावरील क्रमांकात चार अक्षरे व सात अंक असतात. त्याखालील ‘४५ आर १’ या संकेताचा अर्थ चाळीस फुटी, जादा उंचीचा रीफर. वीस फुटीला ‘२२ आर १’ लिहितात.

खरी परीक्षा यंत्र चालवूनच होते. बंदरावर जहाजात चढविण्यापूर्वी प्रत्येक रीफरची ‘पी.टी.आय.’ नावाची तपासणी करतात. विक्रेत्याकडे तिचा ताजा अहवाल मागावा आणि तो मिळाला तरी स्वतःच्या डोळ्यांदेखत रिकामा डबा उणे अठरा अंशांपर्यंत उतरवून पाहावा. निरोगी यंत्र काही तासांत तेथे पोहोचते. मग ते बंद करावे, दार लावून ठेवावे आणि तापमान किती वेगाने वर चढते, ते टिपावे. पहिली चाचणी यंत्राची, दुसरी डब्याची. दुसरी चाचणी टाळण्याकडे विक्रेत्यांचा कल असतो. ती आग्रहाने करावी.

यंत्रात कोणता वायू आहे, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये देखभाल झालेल्या काही रीफरमध्ये अस्सल वायूऐवजी बनावट मिश्रण भरले गेले होते. त्यातील मिथाइल क्लोराइडची यंत्रातील ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हवेच्या स्पर्शाने पेट घेणारे द्रव्य तयार झाले आणि वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या स्फोटांत तीन कामगारांचा बळी गेला. त्यानंतर जगभरातील हजारो कंटेनर वापरातून बाजूला काढून तपासावे लागले. पाटीवर आर-१३४ए किंवा आर-४०४ए असे जे लिहिले आहे, तेच आत आहे, याची खातरजमा उपकरणाने करता येते. स्वस्तात ‘गॅस मारून देतो’ म्हणणाऱ्याकडे सिलिंडरचे बिल मागावे.

कागदपत्रांकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. परदेशातून मालासह येणाऱ्या कंटेनरना सीमाशुल्क विभागाच्या १९९४ मधील १०४ क्रमांकाच्या अधिसूचनेनुसार शुल्कमाफी मिळते, ती सहा महिन्यांत परत पाठविण्याच्या अटीवर. तोच डबा देशात विकायचा असेल तर त्यावर शुल्क भरलेले असले पाहिजे. म्हणून विक्रीच्या बिलासोबत त्याच क्रमांकाच्या डब्यासाठी शुल्क भरल्याचा पुरावा, म्हणजे ‘बिल ऑफ एंट्री’ची प्रत हाती हवी. क्रमांक एका अंकाने जरी वेगळा असला तरी व्यवहार थांबवावा. किमतीबाबत एवढेच, की ती जागतिक वाहतुकीच्या लहरीप्रमाणे हलते. २०२१ मध्ये जगभर कंटेनरचा तुटवडा पडला तेव्हा जुन्या डब्यांचेही भाव चढले होते. त्यामुळे कोणाच्या तरी ओळखीच्याने तीन वर्षांपूर्वी दिलेली किंमत आज प्रमाण मानू नये.

यंत्र बिघडलेले किंवा काढून घेतलेले डबेही बाजारात असतात आणि ते बरेच स्वस्त पडतात. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते माहूरसारख्या ठिकाणी हाच पर्याय अधिक शहाणपणाचा ठरू शकतो. मूळ यंत्राचा संगणकीय नियंत्रक बिघडला तर त्याचा सुटा भाग आणि तो बसविणारा माणूस, दोघेही मुंबईहून येणार. तोवर माल कोणासाठी थांबत नाही. त्याऐवजी चांगल्या फोमचा रिकामा डबा घेऊन त्यावर बर्फाच्या कारखान्यांना आणि दूध संकलन केंद्रांना यंत्रे पुरविणाऱ्या नांदेडच्या कारागिरांकडून नेहमीचे कंडेन्सिंग युनिट बसवून घेतले, तर दुरुस्ती हाकेच्या अंतरावर राहते. छोट्या क्षमतेला सिंगल फेजवर चालणारी यंत्रेही मिळतात. तोटा एवढाच, की मग हवा वरून खाली येते आणि तळातील त्या पट्ट्यांचा फारसा उपयोग उरत नाही.

दार आतून उघडत नाही

कंटेनरचे दार बाहेरून चार दांड्यांनी बंद होते. आतून ते उघडण्याची सोय नसते, कारण तो माणसांसाठी बनलेलाच नसतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स येथे अशाच हवाबंद शीतट्रेलरमध्ये ३९ व्हिएतनामी स्थलांतरित गुदमरून मृत्युमुखी पडले. ती मानवी तस्करीची घटना होती आणि तिचा शेतमालाशी संबंध नाही. पण अशा पेटाऱ्यात हवा किती वेळ पुरते, हे त्यातून कळते. फळांनी भरलेल्या डब्यात तर फळेच प्राणवायू वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत असतात. शीतगृह म्हणून वापरताना आतून ढकलता येणारा खटका, अंधारात दिसणारा दिवा आणि बाहेर वाजणारी घंटा बसविल्याशिवाय एकही मजूर आत पाठवू नये. यंत्रावरील ताज्या हवेची झडपही उघडी हवी. तसेच पोलादी डबा पावसात उभा असतो, त्याला स्वतंत्र अर्थिंग हवेच. वेल्डिंगवाल्याकडून खटका बसवून घेण्याचा खर्च नगण्य असूनही सर्वाधिक टाळाटाळ याच कामात होते.

दुसरे मार्गही आहेत

दोन-चार क्विंटल भाजी वा फुले दोन दिवस टिकवायची असतील, तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष आजही उपयोगी आहे. विटांच्या दोन भिंती, मध्ये ओली वाळू, वर गवताचे झाकण, माठाचेच तत्त्व. कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो, श्रावणाच्या दमट हवेत मात्र फारसा नाही. पुण्याच्या इकोझेन कंपनीने सौरऊर्जेवर चालणाऱ्या, थंडावा साठवून ठेवणाऱ्या पाच टनांच्या शीतखोल्या बाजारात आणल्या आहेत. वीज बेभरवशाची असेल तेथे त्यांची तुलना रीफरशी अवश्य करावी. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ मधील मार्गदर्शक सूचनांत तीस टनांच्या शीतखोलीसाठी १५ लाख रुपये खर्च गृहीत धरून ३५ टक्के अनुदानाची तरतूद होती. हे मापदंड पुढे सुधारण्यात आले आहेत. २०२० पासूनच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते. मात्र जुनी यंत्रसामग्री अनुदानाच्या चौकटीत सहसा बसत नाही. आधी डबा घेऊन मग अनुदानासाठी अर्ज करणाऱ्याच्या पदरी निराशाच येण्याची शक्यता अधिक. तालुका कृषी कार्यालयाचे उत्तर लेखी घेऊन मगच इसार द्यावा. एकट्याने घेण्याऐवजी शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत घेतला तर वर्षभर डबा भरलेला राहण्याची शक्यताही वाढते. रिकाम्या डब्याचे बिलही भरावेच लागते, हे विसरून चालणार नाही.

गडाच्या पायथ्याशी

एवढे सारे जुळून आले, तर उरते ती वाहतूक. न्हावा-शेव्याहून निघालेला ट्रेलर आता जून २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाने वाशीम जिल्ह्यापर्यंत सुखाने येतो. पुढे पुसदमार्गे माहूरकडे वळल्यावर मात्र डोंगरातील वळणे सुरू होतात. चाळीस फुटी डब्याचा ट्रेलर जेथे वळत नाही तेथून तो उलटा काढणे, हा दिवसभराचा खेळ होतो. त्यामुळे शेवटच्या दहा किलोमीटरचा रस्ता, त्यावरील वळणे, लोंबत्या तारा आणि झाडांच्या फांद्या आधी दुचाकीवरून पाहून याव्यात. गल्लीबोळात जागा असेल तर वीस फुटी डब्याचाच विचार करावा, मग तो शोधायला थोडा अधिक वेळ गेला तरी चालेल.

उतरविण्यासाठी हायड्रा क्रेन लागते आणि ती ट्रेलर पोहोचण्याच्या आधी जागेवर हजर हवी, कारण ट्रेलरचे थांबण्याचे भाडे तासागणिक वाढते. डब्याचा सारा भार चार कोपऱ्यांवर असतो. काळ्या मातीवर तो नुसता ठेवला, तर पावसाळ्यात माती फुगून आणि उन्हाळ्यात भेगाळून एक कोपरा खचतो, चौकट तिरकी होते आणि मग दार लागत नाही. मुरमापर्यंत खोदून चार काँक्रीटचे ठोकळे घालावेत, दाराच्या बाजूला बोटभर उतार ठेवावा म्हणजे आतले पाणी वाहून जाईल. यंत्राचे तोंड शक्यतो उत्तरेला, दार रस्त्याकडे. ही दिशा क्रेन येण्यापूर्वीच चुन्याने जमिनीवर आखून ठेवावी. एकदा टेकलेला डबा फिरवायचा म्हणजे क्रेन पुन्हा बोलवावी लागते, आणि नवरात्राच्या तोंडावर ती मिळत नाही.